समलिंगी विवाह, कायदा आणि आपले घर



समलिंगी विवाहाची बातमी आली की आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. पण आपल्या मुलांना हा विषय कॉलेजात आणि मोबाइलवर भेटतोच. म्हणून तो आपण नीट समजून घेऊ या.

कायदा काय सांगतो?
६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. त्यानंतर काही जोडप्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाहनोंदणीची मागणी केली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती मान्य केली नाही. असा कायदा करणे हे संसदेचे काम आहे, असे सांगितले. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. मात्र अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते, हे केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

ख्रिस्तसभा काय शिकवते?
विवाहसंस्कार हा एक पुरुष व एक स्त्री यांचा आजीवन करार आहे. देशाचा कायदा बदलला तरी संस्कार बदलत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्यास मुभा दिली. पण तो विवाहविधी नव्हे, हेही बजावले.

त्याच ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की, अशा व्यक्तींना आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकारावे. त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नये. २०१३ मध्ये मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनीही सांगितले होते की, ख्रिस्तसभा अशा विवाहाच्या विरोधात आहे, पण या व्यक्तींना ती गुन्हेगार मानत नाही.

आपल्या घरात
आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. तो प्रश्न वेगळा आणि हा वेगळा. पण एक गोष्ट त्यातून शिकता येते : कायदा कागदावर होतो, माणसाला जवळ करायचे की घराबाहेर काढायचे हे उंबऱ्याच्या आत ठरते.

मुलाने किंवा मुलीने मन मोकळे केले की आपण घाबरतो. 'लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल,' असा सल्ला नातेवाईक देतात. असे लग्न म्हणजे दोन जिवांची फरफट. दुसऱ्या घरची लेक किंवा लेक देणारे आईबाप यांचा त्यात काय दोष? शिवाय मोकळ्या मनाने दिलेली संमती हा विवाहसंस्काराचा पाया आहे. बळजबरीने किंवा धाकाने वदवून घेतलेला होकार ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विवाह ठरतच नाही. म्हणजे विवाहाचे पावित्र्य राखायला निघालेले आपणच ते मोडतो.

कुटुंबात चर्चेसाठी
१. आपल्या मुलांना मनातले बोलायला आपल्या घरात जागा आहे का?
२. अशा व्यक्तीची टिंगल चालली असता आपण काय करतो?
३. लग्न ठरवताना मुलामुलींची खरी संमती आपण विचारतो का?