चार माणसांदेखत

दोन्ही म्हशी विकल्यावर आमच्या गोठ्यात कडबाकुट्टी तेवढी उरली होती. तीन एचपीची मोटर, सहा वर्षं वापरलेली, पण एकदाही दगा न दिलेली. २०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. सोयाबीनची रास नुकतीच झाली होती आणि हरभऱ्याच्या पेऱ्याला पैसा लागणार होता. मुलगा म्हणाला, "बाबा, बाजारात न्यायच्या आधी मोबाइलवर टाकून बघू." त्याने तीन फोटो काढले, चौदा हजार किंमत लिहिली, नायगावचा पत्ता आणि माझा नंबर टाकला आणि संध्याकाळच्या गाडीने नांदेडला निघून गेला.

तासाभरात फोन आला. "जय हिंद अंकल." हिंदी बोलत होता, आवाज तरुण आणि अदबीचा. आपण फौजेत आहोत, कॅम्पातल्या गाईंसाठी मशीन हवी आहे, किंमत मान्य आहे, उद्या फौजेची गाडी येऊन घेऊन जाईल, असं त्याने सांगितलं. लगेच वर्दीतला फोटो आला, ओळखपत्र आलं, आधार कार्डही आलं. आमच्या भागात पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. माझा भाचा त्यांतलाच एक. फौजी म्हटल्यावर मी उलट प्रश्न विचारलाच नाही. तो फोटो आणि ते कार्ड दुसऱ्याच कुणाचं असणार, कुठल्या तरी खऱ्या जवानाचं चोरून वापरलेलं, हे कळायला मला पुढचे दोन दिवस लागले.

आज मागे वळून पाहतो तेव्हा एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते. त्याने मशीनबद्दल काहीच विचारलं नव्हतं. मोटर सिंगल फेजवर चालते की थ्री फेजवर, पाती कधी बदलली, बेअरिंग आवाज करतं का, काही नाही. भावही पाडला नाही. मी आयुष्यभर जनावरांचे बाजार केले आहेत. मार्गशीर्षातली माळेगावची यात्रा मी सहसा चुकवत नाही, हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून बैल आणले आहेत. तिथे गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडून दात पाहतं. दोनदाती आहे की चारदाती, का जुळलेला, हे ठरल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. मग पाठीवरून हात फिरवणं, भोवरे बघणं, चालवून पाहणं. भाव रुमालाखाली बोटांवर ठरतो, पण पैसा मोजला जातो चार माणसांदेखत आणि बाजार समितीच्या पावतीवर देणाऱ्याघेणाऱ्याची नावं चढतात. खरा घेणारा खोड काढतो. जो खोड काढत नाही, त्याला माल नकोच असतो. हे बैलाच्या बाबतीत मला विसाव्या वर्षी कळत होतं. मोबाइलवर मात्र ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याचा फोन आला. "गाडी निघाली आहे, आधी पेमेंट करून घेऊ, फौजेत पेमेंटची पद्धत वेगळी असते." खात्री पटावी म्हणून त्याने आधी दहा रुपये पाठवले. ते खरंच जमा झाले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड आला, खाली १४,००० लिहिलेलं. "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. फोन मात्र ठेवू नका, लाइन तुटली तर पेमेंट अडकतं."

मी स्कॅन केला. पडद्यावर चौदा हजारांचा आकडा आला, वर एका अनोळखी बाईचं नाव होतं आणि खाली 'पे' असं बटण. मी ते नाव वाचलं. ते बटणही वाचलं. विचारलंही, "हे पैसे द्यायचं बटण दिसतंय ना?" तो म्हणाला, "अंकल, हे आमच्या अकाउंट ऑफिसर मॅडमचं नाव आहे. बटण सगळ्यांना तेच दिसतं." मी पिनचे आकडे दाबले. क्षणात मेसेज आला, चौदा हजार वजा. तो घाबरल्यासारखा झाला, माफी मागू लागला, सर्व्हरची चूक आहे, पुन्हा स्कॅन करा, दोन्ही रकमा एकत्र परत येतील म्हणाला. मी पुन्हा स्कॅन केला, पुन्हा पिन टाकला. आणखी चौदा हजार गेले. तिसऱ्या वेळी त्याने अठ्ठावीस हजारांचा कोड पाठवला. खात्यात तेवढे नव्हतेच, म्हणून तो चालला नाही. तेव्हा त्याने विचारलं, "घरात दुसऱ्या कुणाचं खातं आहे का?"

मी मंडळींकडे त्यांचा मोबाइल मागायला गेलो. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. परातीतला हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?"

यूपीआय देशात २०१६ साली आलं. तेव्हापासून आजपर्यंत एक नियम बदललेला नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. स्कॅन करावं लागत नाही, कुठलं बटण दाबावं लागत नाही. समोरचा पाठवतो, आपल्या खात्यात येतात, बस. पिन म्हणजे आपल्या पेटीची किल्ली. ती फिरली की पैसा बाहेरच जातो. एखाद्याने दुसऱ्याकडे पैसे मागण्याची विनंती पाठवायची जी सोय होती, ती अशाच फसवणुकींमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. पण क्यूआर कोडची चाल अजून तशीच चालते, कारण पिन टाकणारे आपणच असतो.

अठ्ठावीस हजार म्हणजे त्या वर्षीच्या ४,६०० रुपये हमीभावाने सहा क्विंटल सोयाबीन. पण याहून मोठी चूक मी त्यानंतर केली. मी गप्प बसलो. मंडळींना म्हणालो, पोराला सांगू नका. गावात कळलं तर लोक काय म्हणतील, याचाच विचार डोक्यात. तो अख्खा दिवस गेला, दुसरा दिवस गेला. मुलगा घरी आला, त्याने माझं तोंड पाहून ओळखलं आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तोवर पैसे माझ्या खात्यातून निघून एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात गेले होते आणि तिथून काढलेही गेले होते. हे चोर अशी भाड्याची खाती वापरतात. गरजू माणसाला दोन-चार हजार देऊन त्याचं पासबुक आणि कार्ड घेतात. आपल्या ओळखीतल्या कुणी असं खातं दिलं असेल तर त्यालाही सांगा, पोलीस आधी त्याच्या दारात येतात.

पुढच्या वर्षी भाच्याला जुनी स्कूटी घ्यायची होती. त्यालाही असाच एक 'फौजी' भेटला. बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात देतो, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे, पोहोचवायचे दोन हजार आधी पाठवा, गाडी दारात आल्यावर बाकीचे द्या. भाच्याने दोन हजार पाठवले. मग जीएसटीचे चार हजार मागितले, 'परत मिळतील' म्हणून. तिथे त्याला माझी आठवण झाली. त्याने फोन ठेवला आणि वीस मिनिटांच्या आत १९३० वर तक्रार नोंदवली. त्याच्याजवळ व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे फोटो होते. त्याचे दोन हजार एका खात्यात अडकवले गेले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. रक्कम माझ्यापेक्षा लहान होती, पण फरक रकमेचा नव्हता, त्या वीस मिनिटांचा होता. पैसा खात्यात असेपर्यंतच बँक तो रोखू शकते.

म्हणून विकणाऱ्याला माझं सांगणं असं. समोरचा दारात येऊन मशीन चालवून बघेल, तेव्हाच व्यवहाराचं बोला. पैसे आले म्हणून कुणी आपल्या मोबाइलवरचा हिरवा टिकमार्क दाखवला तर तो खरा मानू नका. तसलं खोटं चित्र दाखवणारी अ‍ॅपं निघाली आहेत, जमा झाल्याचा बनावट मेसेजही पाठवतात. आपलं अ‍ॅप उघडून आपल्या खात्यातली शिल्लक आपल्या डोळ्यांनी बघा आणि मगच वस्तू गाडीत चढवू द्या. कुणी 'चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा' म्हणालं तरी आधी शिल्लकच बघा.

घेणाऱ्यासाठी गोष्ट त्याहून सोपी आहे. जी वस्तू हाताने चाचपली नाही तिचा इसार द्यायचा नाही. मुऱ्हा म्हशींचे फोटो आणि दुधाचे व्हिडिओ दाखवून, बाजारभावाच्या निम्म्यात देतो, गाडीभाडं आधी पाठवा, असं सांगणारे मोबाइलवर बरेच आहेत. शेतकऱ्याने आपण होऊन फोन केलेला असतो, म्हणून त्याला संशयही येत नाही. ज्या म्हशीची धार आपण दोन वेळ काढून पाहिली नाही, तिचं भाडं कशाचं द्यायचं?

जुना मोबाइल घेत असाल तर त्यावर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. 'केवायएम' लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का हे कळतं. संचार साथी अ‍ॅपवरही बघता येतं. चोरीचा फोन हाती आला तर पैसे तर जातातच, वर ठाण्याच्या चकरा होतात.

गाडीच्या बाबतीत मात्र मी हात जोडून सांगतो, घाई करू नका. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की गाडी कधीची, विमा कधी संपतो, कर्ज बाकी आहे का, ते दिसतं. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. आपल्या सीमेवर तेलंगणातल्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून पोरं घेतात. त्यांना तिकडच्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे नमुना २८ लागतो, शिवाय इकडचा रस्ता कर भरावा लागतो. हे सगळं जमेत धरलं की ती गाडी स्वस्त राहत नाही. आणि विकणाऱ्याने नमुना २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठ सोडू नये. नोंद ज्याच्या नावावर आहे तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. 'दादा, नंतर करतो नावावर' या एका वाक्यावर किती तरी जणांनी गाड्या सोडल्या आहेत.

आणि एक खूण मी घरच्या सगळ्यांना पाठ करून घेतली आहे. जो म्हणतो 'फोन ठेवू नका', त्याचा फोन त्याच क्षणी ठेवायचा. त्याला आपण एकटे हवे असतो. बायकोला विचारू नये, पोराला फोन लावू नये, शेजारच्याला हाक मारू नये, एवढ्यासाठी तो लाइनवर असतो. परातीपुढून आलेला तो प्रश्न मी दहा मिनिटं आधी ऐकला असता तर माझे अठ्ठावीस हजार घरात राहिले असते.

कडबाकुट्टी शेवटी कुंटूरकडच्या एका शेतकऱ्याने नेली. त्याने पहिल्याच फोनवर पाच प्रश्न विचारले. मग मोटारसायकलवर आला, ओंजळभर कडबा घालून मशीन चालवली, कान देऊन बेअरिंगचा आवाज ऐकला, पात्यांच्या धारेवर अंगठा फिरवला आणि चौदाचे साडेअकरा केले. शेजारचे दोघं आणि माझा मुलगा समोर होते. पैसे रोख मोजून दिले, वहीवर सही केली आणि छोट्या टेम्पोत मशीन चढवली.

तुमच्या घरात कुणाचे असे पैसे गेले असतील तर आधी रागवू नका. आधी १९३० लावा, लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका आणि बँकेला कळवा. १९३० हा नंबर आजच घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या मोबाइलमध्येही साठवून द्या. तो चोवीस तास चालू असतो.