नाण्याचे छायाचित्र : प्रकाश कोठून यावा?

घरातील एक झिजलेली शिवराई मी प्रथम समोरून प्रकाश टाकून टिपली. अक्षरे उमटलीच नाहीत. चिंचेने घासण्याचा मोह झाला. पण तांब्यावरचा जुना थर एकदा गेला की परत येत नाही. म्हणून टेबलावरचा दिवा नाण्याच्या वरच्या डाव्या अंगाला, सुमारे २० अंश इतका तिरपा ठेवला. खाली करडा कागद घातला, कारण पांढऱ्यावर नाणे काळवंडते. कॅमेरा ट्रायपॉडवर, नाण्याला समांतर. भिंगाचे छिद्र एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. सावल्यांनी अक्षरांच्या कडा उठल्या आणि ‘श्री राजा शिव’ वाचता आले, मागे ‘छत्रपति’. दिवा नाण्याच्या खालच्या अंगाला नेताच मात्र उठावाची अक्षरे खोदल्यासारखी भासली. तात्पर्य, अभ्यासकाने दिवा हलवावा, नाणे घासू नये.