गणिताची गोडी लावायची कशी?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. गणितात मार्क पडतात, पण गोडी नाही. आणखी एक क्लास लावू का?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : क्लास राहू द्या. फर्ग्युसनमध्ये शिकलेले द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, पण आकड्यांचा नाद आयुष्यभर सुटला नाही. त्यांचाच खेळ घ्या. ३५२४चे अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा : ५४३२ – २३४५ = ३०८७. पुन्हा तेच, ८३५२. पुन्हा, ६१७४. आता कितीही वजा करा, तिथेच अडकाल! चारही अंक सारखे नसले, की फार तर सात वजाबाक्यांत हेच. (मधे शून्य आलं, तर तेही धरायचं.) तीन अंकी संख्यांचं काय होतं, ते मात्र तिलाच शोधू द्या, तुम्ही गप्प बसायचं. पुढे ऑलिंपियाडची हौस वाटली, तर श्रीराम अभ्यंकरांनी १९७६मध्ये स्थापलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान पुण्यातच आहे.