संरक्षक भिंतीतील प्लॅस्टिकचे ठोकळे : उपयोग व टिकाऊपणा

भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे उभारलेल्या विकिरण केंद्रात कांद्यास गॅमा किरण देऊन त्याचे मोड रोखण्याची सोय झाली. ह्या किरणांनी कांदा किरणोत्सर्गी होत नाही. परंतु तेच किरण माणसाच्या अंगावर पडल्यास घातक ठरतात. म्हणून किरण-कक्षाभोवती काँक्रीटची जाड भिंत बांधावी लागते.

आता एकमेकांत बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळेही संरक्षक भिंतीसाठी मिळतात. ते वजनाने हलके असून गवंड्याशिवाय रचता येतात व सुटे करून अन्यत्र नेता येतात. मग काँक्रीटचा खर्च कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर किरणांच्या जातीवर अवलंबून आहे.

गॅमा किरण : हे किरण अडविण्यास जड पदार्थ लागतो. कोबाल्ट-६० च्या किरणांचा जोर निम्म्यावर आणण्यास सुमारे १.२ सें.मी. शिसे किंवा ६ सें.मी. काँक्रीट पुरते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,३०० किलो भरते, तर पॉलिथिलीन प्लॅस्टिकचे सुमारे ९५० किलो. म्हणजे प्लॅस्टिकची भिंत काँक्रीटच्या दुपटीहून अधिक जाड करावी लागेल. तेव्हा कांद्याच्या विकिरण केंद्रास ती सोयीची नव्हे.

न्यूट्रॉन : येथे मात्र प्लॅस्टिक सरस ठरते. गोटी मोठ्या दगडावर आपटली तर तितक्याच वेगाने परतते. पण बरोबरीच्या गोटीवर आदळली तर आपला वेग तिला देऊन बसते. न्यूट्रॉन व हायड्रोजनचा अणुगर्भ वजनाने जवळजवळ सारखे असतात, आणि पॉलिथिलीनमध्ये हायड्रोजन विपुल असतो. मंद झालेले न्यूट्रॉन शोषून घेण्यासाठी त्यात बोरॉन मिसळतात. जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या न्यूट्रॉन-मापकाचा किरणस्रोत अशाच प्लॅस्टिकच्या आवरणात ठेवलेला असतो.

सांधे : किरण सरळ रेषेत जातात. दोन ठोकळ्यांमधील सरळ फट म्हणजे त्यांना मोकळी वाटच होय. म्हणून ठोकळ्यांना खाचा व कंगोरे ठेवतात आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे एका थराचे सांधे दुसऱ्या थराने झाकतात.

टिकाऊपणा : पॉलिथिलीन पाणी शोषत नाही, कुजत नाही व गंजत नाही. तथापि त्याचे तीन शत्रू आहेत. पहिला ऊन व तीव्र किरण : ह्यांमुळे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते ठिसूळ बनते. दुसरा उष्णता : १०० अंश सेल्सियसच्या पुढे ते मऊ पडू लागते व आगीत जळते. तिसरा सततचा भार : त्याखाली ठोकळे हळूहळू दबून सांधे उघडतात.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी :

१. कोणते किरण अडवावयाचे आहेत, हे प्रथम विचारावे.

२. भिंतीची जाडी तज्ज्ञाने हिशेबाने ठरवावी. अंदाजाने ठरवू नये.

३. चिरा, रंगबदल व फटी ह्यांची ठराविक काळाने पाहणी करावी. ठोकळा बदलल्यावर किरणमापकाने भिंत पुन्हा तपासावी.

४. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीवाचून विकिरण केंद्र चालविता येत नाही. सहकारी संस्थांनी स्वस्त भिंतीच्या मोहाने भांडवल गुंतविण्यापूर्वी ही परवानगी मिळेल किंवा कसे, ह्याची खात्री करून घ्यावी.

खर्चातील बचत पुढे भरून काढता येते. पण मजुराच्या अंगावर एकदा पडलेला किरण परत घेता येत नाही.