बेटावर घर मांडताना

पातूर, जि. अकोला
श्रावण वद्य पंचमी

चि. सौ. ताईस,


तुझा लांबलचक मेसेज तुझ्या आईने मला वाचून दाखवला. "पोरीचं मन तिकडे लागून नाही राह्यलं. तुम्ही त्या बेटावर निम्मी नोकरी काढली, आता तुम्हीच सांगा तिला काही," असं म्हणाली. फोनवर आवाज तुटतो आणि मुद्दाही, म्हणून सावकाश लिहितो आहे.

तुझ्या तीन तक्रारी दिसल्या. मॉरिशसमधल्या वाक्वाचा पाऊस थांबत नाही, दिवस खायला उठतो, आणि मराठी म्हणवणारी माणसं मराठी बोलत नाहीत. मला तिन्हींचं मूळ एकच दिसतं. तू अजून पाहुणी म्हणून राहते आहेस. जावईबापूंचं काम वर्षा-दोन वर्षांचं नाही. तुमची पोरं कदाचित तिथल्याच शाळेत जातील. तेव्हा पाहुणीपण सोड आणि शेजारीण हो. माझं सांगणं एवढंच आहे, बाकीचं ते कसं करायचं याचा तपशील.

पावसाचं आधी उरकतो. वाक्वा आणि क्यूरपीप पठारावर आहेत, तिथे जून ते सप्टेंबर हिवाळा आणि त्यात ही भुरभुर. तासाभराच्या बसप्रवासावर समुद्रकाठी कोरडं ऊन असतं. कपडे वाळत नाहीत म्हणून रडू नकोस. शेजारच्या बाया कधी वाळत घालतात ते बघ आणि तसं कर. मे महिन्यात आपल्या अकोल्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसलेली पोर तू, हेही सोसशील.

आरोग्य खात्याचा माणूस घरी येऊन बोट टोचून रक्त घेऊन गेला, त्याचा तुला अपमान वाटला. तो अपमान नव्हता, ताई. १८६६ ते १८६८ या काळात त्या बेटावर हिवतापाची साथ आली आणि हजारो माणसं गेली. त्यात आपल्या देशातून गेलेले मजूरही होते. पुढे फार कष्टाने तिथल्या लोकांनी हिवताप हटवला. तो बाहेरून परत येऊ नये म्हणून हिवताप असलेल्या देशांतून येणाऱ्यांवर लक्ष ठेवतात. पुढच्या वेळी त्या माणसाला खुर्ची दे, चहा विचार.

आता भाषा. इंग्रजीवर भागतं म्हणून तू तिथेच थांबू नकोस. कचेरीतला कागद इंग्रजीत असतो, वर्तमानपत्र बहुतेक फ्रेंचमध्ये, पण माणसं हसतात, भांडतात, लेकरं निजवतात ती क्रिओलमध्ये. तुझ्या मराठी शेजारणीच्या घरातसुद्धा तीच चालते. शिकायला सोपी आहे. नामांना लिंग नाही, क्रियापदाची रूपं पाठ करावी लागत नाहीत. शिकवणीपेक्षा बाजारात लवकर येईल. एक मात्र आजपासून पाळ. दुकानात, बसमध्ये, भाजीवाल्यापुढे, कुठेही आधी "बोंझूर" म्हण आणि मग भाव विचार. आपल्याकडे थेट "कसे दिले?" म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही, तिथे ते उद्धटपणाचं ठरतं.

बाजारात पालेभाज्यांना "ब्रेद" म्हणतात. त्यातला "ब्रेद मुरूम" उचलून बघ, तो शेवग्याचा पाला आहे. तिथे त्याचं पातळ पाणीदार कालवण करतात, लसूण-आलं घालून, आणि भातावर घेतात. आपल्यासारखी कोरडी भाजी केलीस तरी चालेल, पण एकदा शेजारणीच्या चुलीपाशी उभी राहून तिच्या पद्धतीने शीक. तिला ठेचा कर म्हणावं लागणार नाही, मिरचीची चटणी तिथे घरोघरी असते. दालपुरी कागदात गुंडाळून रस्त्यावर उभ्याने खातात, लाजू नकोस, खा. बस संध्याकाळी लवकर बंद होतात, दुकानंही लवकर मिटतात, रविवारी दुपारनंतर तर गाव सुनं होतं. दिवस खायला उठतो म्हणतेस ना? तिथला दिवस पहाटे सुरू होतो. तू नऊला दार उघडशील तर तुझ्या वाट्याला रिकामा रस्ताच येणार.

बेट केवढं? जवळपास दोन हजार चौरस किलोमीटर, आपल्या अकोला जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणून तिथे कुणाची कुणाशी तरी ओळख निघतेच. तू आज भाजीवाल्याशी कशी बोललीस ते उद्या जावईबापूंच्या कारखान्यात कळू शकतं.

आता मराठी माणसांचं. हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच आपल्याकडून गेलेली पुष्कळ माणसं वाईट वागताना मी पाहिली. पहिल्या भेटीत विचारतात, "तुम्ही मराठी ना? मग मराठी येत कसं नाही?" हा प्रश्न तुझ्या तोंडून कधी निघू नये.

१८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले, पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख. मुंबई बंदरातून गेले त्यांत रत्नागिरीकडचे, कोकणातले पुष्कळ. पोर्ट लुईला "आप्रवासी घाट" आहे, युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा ठरवलेला. तिथल्या त्या सोळा दगडी पायऱ्या चढून माणसं उतारूंच्या आवारात जात आणि तिथून उसाच्या मळ्यांवर वाटली जात. कारकुनाने ऐकलं तसं नाव लिहिलं. आजोबा-पणजोबांचं पहिलं नावच पुढे अख्ख्या घराण्याचं आडनाव होऊन बसलं. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. लोक तिथे जाऊन आपल्या पूर्वजाचं गाव शोधतात. एखाद्या म्हाताऱ्याने वहीतल्या उताऱ्याची घडी उलगडून तुला गावाचं नाव दाखवलं, तर घाईने "हे मला माहीत नाही" म्हणू नकोस. मोबाइल काढ, नकाशा उघड, त्याच्याबरोबर शोध.

मराठी शाळा नाही, आणि भोवती दुसऱ्याच भाषा. अशा स्थितीत त्या मजुरांनी काय राखलं ते बघ. तुझ्या वाक्वाजवळच्या हेन्रिएटा गावात १८९६ साली बेटावरचा पहिला गणपती बसला, असं तिथे सांगतात. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा विषय घेता येतो. आणि झाकरी! कोकणातली जाखडी तिथे झाकरी झाली. गणपतीच्या रात्री ढोलकी-झांजांवर गोल धरून नाचतात. गाणाऱ्याला शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सांगता येईलच असं नाही, पण ठेका चुकत नाही. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे, नुसत्या कानाने आलेलं आहे ते. आपल्या पातुरात किती पोरांना पुस्तकात न बघता पुरती आरती येते, ते तूच आठवून सांग.

म्हणून त्यांची आरती दुरुस्त करायला जाऊ नकोस. उच्चार वेगळा ऐकू आला तर तोच तिथला उच्चार. शाळेतल्या एखाद्या मुलाच्या आईने विचारलं की जरा मराठी घेशील का, तर जरूर घे, पैसे न घेता घे. आपणहून मास्तरीण होऊ नकोस.

आणखी एक, हे कठोर वाटलं तरी वाच. आपल्यातली काही माणसं तिथे गेल्यावर क्रिओल लोकांबद्दल, त्यांच्या काळ्या रंगाबद्दल घरात वाटेल ते बोलतात. त्या लोकांचे पूर्वज मादागास्कर, मोझांबिककडून साखळदंडात आणलेले गुलाम होते. १८३५ साली गुलामी उठली. मळेवाल्यांना त्यांच्या जागी हात हवे होते, म्हणून आपली माणसं तिथे नेली. ऊस एकच, मालक तेच. तुझ्या स्वयंपाकघरात ती बोलणी होऊ देऊ नकोस, पाहुण्यांनी काढली तरी थांबव.

सण-उत्सव तुला परके वाटणार नाहीत. अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात; तिथे महाशिवरात्रीला घरोघरची माणसं कावड खांद्यावर घेऊन पायी गंगा तलावावर जातात. सप्टेंबरात फादर लाव्हालच्या समाधीला रात्रभर चालत जाणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात. आपल्या गावात सिदाजी महाराजांचं मंदिर आणि शेख बाबूंचा दर्गा दोन्हीकडे जाताना आपण कुणाला विचारलं नाही, तिथेही विचारू नकोस. चालायला जा.

वादळाचं विसरू नकोस. नोव्हेंबरपासून पुढे चक्रीवादळांचा हंगाम. इशारे एक ते चार. दुसऱ्या इशाऱ्याला पाणी, मेणबत्त्या, बॅटरी, कोरडा शिधा भरून ठेव; तिसऱ्यानंतर घराबाहेर पाऊल नाही. १९६० च्या कॅरोल वादळात हजारो घरं उडाली, तेव्हापासून तिथे सिमेंटची सपाट छपरांची घरं वाढली. वारा एकाएकी थांबला तर बाहेर जाऊ नकोस. वादळाचा डोळा वरून जात असतो आणि थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो. शेजारी एकटी म्हातारी असेल तर तिला आधीच आपल्याकडे आणून ठेव.

गणपतीला आता थोडे दिवस उरले. जावईबापूंना सुट्टी आहेच, दोघं हेन्रिएटाला जा. जाताना मिठाई विकत घेऊ नकोस, घरी केलेल्या करंज्या ने. मात्र आधी फोन करून त्यांच्या घरी नैवेद्याचं काय ठरलंय ते विचार. पत्र मिळालं की कळव. तुझ्या आईला मी समजावलं आहे, तिला रोज फोनवर पावसाचं सांगू नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
मामा