अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावरही शिकवावे का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. लवकरच वयाची 58 वर्षे पूर्ण होऊन निवृत्त होईन. तब्येत ठणठणीत आहे, शिकवायची इच्छा आहे. पण मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता तरुणांना जागा द्या.’ काय करू?
– एक शिक्षक, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : सर, तुमची इच्छा रास्त आहे आणि मुलाचे म्हणणेही. केंद्रीय कर्मचारी 60व्या, तर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश 62व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे 58 ही नियमाची मर्यादा आहे, क्षमतेची नव्हे. राज्य शासनानेच जुलै 2023 मध्ये जिल्हा परिषद शाळांतील रिक्त पदांवर निवृत्त शिक्षकांना, वयाच्या 70 वर्षांपर्यंत, दरमहा 20 हजार रुपये मानधनावर नेमण्याची मुभा दिली. मात्र ती सोय नियमित शिक्षक मिळेपर्यंतचीच होती. डी.एड., बी.एड. झालेली मुले भरतीची वाट पाहत असताना ती कायमची व्यवस्था होऊ नये.

आपल्या जिल्ह्यातला शेतमजूर सत्तरीतही राबतो, कारण त्याला पर्याय नाही. तुम्हाला आहे. म्हणून काम जरूर करा, पण पद अडवू नका. शिक्षक नसलेल्या शाळेत तात्पुरते शिकवा, नवख्यांना हाताशी धरा आणि नियमित शिक्षक रुजू झाला की जागा आनंदाने सोडा.