पाण्याचा पाइप का फुटतो?



किनवटच्या डोंगरातील कोलाम पोडावर नळ पोहोचल्याचे गेल्या वर्षी मी याच पानावर मोठ्या आनंदाने कळवले होते. तो नळ जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर बंद पडला. पाइपलाइन तुमच्या पैशातून घातलेली होती, म्हणून काय चुकले ते लिहिणे मला भाग आहे. चूक माझीच होती.

आधी जरा लांबचे सांगतो. माझी भाची डॅलसला राहते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमलाट आली, डॅलसच्या विमानतळावर पारा उणे १९ अंशांवर उतरला आणि लाखो घरांची वीज गेली. तिच्या घरचा पाइप माळ्यावरून जातो. तो गोठला, फुटला आणि खोलीचे छत भिजून खाली आले. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो. पाइपात बर्फाचा बोळा बसला की बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो, पुष्कळदा बर्फ नसलेल्या जागी. म्हणून तिकडे कडक थंडीत तोटी थेंब थेंब गळती ठेवतात, पाइपाला फोम गुंडाळतात. "मामा, मेन कॉक कुठे आहे तेच आम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. तो सापडेपर्यंत घरभर पाणी झाले.

आमच्या मुरुडला डिसेंबरात एक स्वेटर पुरतो, पाइप गोठायची भीती नाही. पण पाइप इथेही फुटतात. तिकडे पाणी फुगते, इकडे जमीन फुगते. काळी माती उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते. तिच्यात गाडलेला पाइप आधी ओढला जातो, मग दाबला जातो आणि सांध्यात निखळतो.

पोडावरच्या विहिरीपासून टाकीपर्यंतच्या वाटेत काळ्या मातीचे एक शेत लागते. खोदणारा म्हणाला होता, "सर, इथं वाळू टाकावी लागंल." मी वाळूचा खर्च वाचवला. वीतभर खोल चरात प्लास्टिकचा कडक पाइप टाकला आणि वर तीच ढेकळे लोटली. आपले पैसे नसले की काटकसर फार सुचते.

सांधा निखळला हे आम्हाला लगेच कळलेही नाही. पंप चालू असताना पाणी बाहेर झिरपत होते. पंप बंद झाला की रिकाम्या होणाऱ्या पाइपात चरातले गढूळ पाणी आत ओढले जात होते. तेच टाकीत गेले. चार लेकरांना जुलाब लागले, एकीला किनवटला नेऊन सलाईन लावावे लागले. ती बरी झाली. तिच्या आईने मला एका शब्दाने विचारले नाही, ते मात्र जड गेले.

दिवाळीनंतर तो तुकडा उकरला. या वेळी चर तीन फूट खोल घेतला, तळाला चार बोटे वाळू, पाइपाच्या भोवती आणि वर वीतभर वाळूच, मग मुरूम, आणि सगळ्यात वर काळी माती. माती हलली तरी वाळू तो धक्का पाइपापर्यंत पोहोचू देत नाही. पाइपही बदलला: काळा, लवचिक, तापवून जोडायचा. विहिरीपाशी एक आणि टाकीपाशी एक कॉक बसवला, आणि ते कुठे आहेत हे पोडातल्या पोरांनाही दाखवून ठेवले. दुरुस्तीनंतरचे पहिले पाणी वाहून जाऊ द्यायचे, टाकीत ब्लीचिंग पावडरचे द्रावण टाकायचे, अर्ध्या-एक तासाने ओटी टेस्ट करायची. काचेच्या नळीत पिवळी झाक आली, तरच हंडे लावायचे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मुरुडच्या आमच्या गल्लीत कोणाच्या अंगणात पाइप गळताना दिसला, तर शेजारी भांडायला येत.

यंदा जूनचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोडावर गेलो. शेतातल्या भेगा मिटल्या होत्या. चरावरून चालत गेलो, कुठे ओल नव्हती. टाकीपाशी सलाईन लागलेली तीच मुलगी ओटीची नळी उजेडात धरून उभी होती. पाणी पिवळे होते.